तीन दगडांची वाट

राजेश्वर, ता. बसवकल्याण
११ ऑगस्ट २०२५

राघोबाअण्णा,

जयभीम आणि नमस्कार.

तुमचे फोन येऊन गेलेले दिसतात. मी कुणाचेच उचलत नाही. सर गेल्यापासून फोन करणारे रडतात आणि त्यांचं होईपर्यंत मला थांबावं लागतं. पत्रात तसं होत नाही. तुम्हीही उत्तर पत्रानंच द्यावं.

काम असं आहे. मादन हिप्परग्याहून राजेश्वरवरून कमठाण्यापर्यंतची पायवाट सरांनी आणि तुम्ही शाळेच्या सुट्ट्यांत आखली. तिचा मधला टप्पा, हिरेगुड्डाच्या टेकडीवरचा, मार्चमधल्या वणव्यापासून बंद आहे. वनखात्याच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. ते म्हणाले, "सर होते तेव्हा गोष्ट वेगळी होती." मी होय म्हटलं. त्यांनी चहा सांगितला.

जानेवारीत ते पाहणीला येणार आहेत. तोवर वाट चालण्यासारखी झाली, खुणा दिसू लागल्या आणि टेकडीखालच्या गुड्डवाडीची हरकत नसली, तर टप्पा उघडतील. नाही तर वाट कायमची डांबरी रस्त्यानं वळवतील. डांबरी रस्त्यानं जायला कुणाला पायवाट लागत नाही.

तुम्ही तुमच्या बाजूनं टेकडी चढत या, मी राजेश्वरकडून चढते. खुणा सरांच्याच ठेवायच्या: चालणाऱ्याच्या डाव्या हाताला तीन दगड, एकमेकांना टेकवलेले, वर चुना. त्यांत बदल नको. सरांचे कपडे मी देऊन टाकले, पुस्तकं शाळेला दिली. दगड तेवढे राहू द्यायचे आहेत.

प्रियंका हैदराबादहून म्हणते, आई, या वयात टेकड्या कशाला चढतेस. मी पन्नाशीची आहे. दवाखान्यात दिवसभर उभी राहून औषधं देते. चढता येईल.

एक विचारायचं राहिलं. वणवा कुणाच्या तरी विडीनं लागला असं तुम्ही तेव्हा म्हणाला होता. कुणाच्या?

पंचशीला


मादन हिप्परगा, ता. आळंद
३० ऑगस्ट

पंचशीला अक्कास,

राघोबाचा जयभीम आणि रामराम.

पत्र पोचलं. आमच्या घरी बँक आणि कोर्ट सोडून कुणी पत्र लिहीत न्हाई, म्हणून चंद्रभागा पाकीट बघूनच देवापुढं बसली. मी वाचून दाखवलं तवा उठली.

वाटेचं काम मी करतो. पाऊस उघडू द्या. आत्ता टेकडीवर गवत कमरेइतकं झालंय. जळली होती म्हणून सांगितलं तर कुणाला पटायचं न्हाई. मास्तरचे दगड मात्र काळे पडलेत. एकेक उभा हाय अजून, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखा.

विडीचं म्हणाल तर अक्का, विडी कुणाची हे विडी पिणाऱ्यालाबी ठाऊक नसतं. त्या दिवशी मी आणि वाडीची पोरं हिरव्या फांद्यांनी आग बडवत होतो. धुरात कोण कुणाला विचारणार? झालं ते झालं.

एक सुचवतो, राग मानू नका. तीनाचाच हट्ट कामून? चार ठेवा, पाच ठेवा. दगडाला काय कमी हाय आपल्याकडं? मास्तरनं तीन ठेवले कारण मास्तर गणिताचा माणूस, कमीत भागवायचा. मी त्याला तवाच म्हटलं होतं, "अरे नागेश, तीन बरं दिसत न्हाई." तर मला म्हणतो, "राघोबा, शकुन-अपशकुन तुझ्या घरी ठेव." मी काय शकुन म्हणून बोललो नव्हतो. पण त्याच्यापुढं बोलायची सोय नव्हती.

राघोबा

ताजा कलम : मी चंद्रभागा. अक्का, जेवत जावा. ह्यांच्या पत्रात हे लिहायचं राहून जातं.


राजेश्वर
२७ ऑक्टोबर

राघोबाअण्णा,

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही टेकडीची आमची बाजू साफ केली. सरांच्या शाळेतले कानडीचे गुरुबसव सर आणि माझा पुतण्या राजपाल सोबत होते. राजपाल कमठाण्याला वेल्डिंग करतो. तो पहिल्या दिवशी म्हणाला, "काकू, यात जोडण्यासारखं काहीच नाही, सगळं तोडायचंच आहे." खरं होतं. जळालेल्या खोडांच्या बुडातून वेडी बाभूळ परत फुटली आहे आणि वाटेवर आडवी आली आहे. कोयत्यानं तोडली आणि मुळं टिकावानं काढली. उतारावरची माती पावसानं धुऊन नेली आहे. तिथे वाटेला आडवे दगड पुरायला हवेत, म्हणजे पाणी बाजूला निघून जाईल. तेवढं राहिलं आहे.

खुणा सगळ्या सापडल्या. घासल्या, चुना दिला. गुड्डवाडीच्या वर, चिंचेजवळच्या खुणेचे तिन्ही दगड फाकलेले होते. गुरांनी हलवले असतील. मी ते परत नीट टेकवून ठेवले.

मग गुड्डवाडीत गेले. बुद्धविहारासमोरच्या पारावर लोक जमले होते. भीमण्णा बोलत होता. त्याचा कडबा त्या आगीत गेला. तो म्हणाला, "बाहेरून हौशी लोक येतात, विड्या फुंकतात आणि आमची टेकडी जाळून जातात. वाट नको." बाकीचे खाली बघत होते. मी म्हटलं, आग कुणी लावली ते कळलं तर मी स्वतः येऊन सांगेन. तो उठून गुरांकडे गेला. मला वाटलं होतं तो चिडेल.

निघताना त्याची आई मल्लम्मा माझ्यामागून फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "वर काही भांडंबिंडं सापडलं का गं?" चालणारे लोक सामान विसरून जातात, याची त्या म्हातारीला काळजी. मी म्हटलं, नाही, काही नाही. तिनं माझ्या हातात मूठभर शेंगा दिल्या आणि परत गेली.

तुमच्या बाजूचं काम कुठवर आलं ते कळवा. आणि तीनच.

पंचशीला

चंद्रभागाबाईंना सांगा, जेवते.


मादन हिप्परगा
१६ नोव्हेंबर

अक्कास जयभीम.

माझ्या बाजूचं काम झालं. वाट अशी साफ केलीय की आमच्या म्हशी आता रानाऐवजी तिकडं जायलेत. जाळरेषा पण काढून घेतली, गवत कापून रुंद पट्टा ठेवलाय, म्हणजे पुढं आग आली तरी वाटेपाशी थांबेल.

आता वाचताना हातातलं काम बाजूला ठेवा. मी पाच ठेवलेत.

सगळीकडं न्हाई. वाडीकडच्या अंगानं तेवढे. चुना दिला, आणि रानातल्या कोपीसाठी घरात तांबडी काव भिजवलेली होती तिचा एक पट्टा ओढला. लांबून छान दिसतात. तुम्ही म्हणाल तीन सांगितले होते. व्हय, सांगितले होते. पण अक्का, तिथं तीन ठेवायला माझा हात धजला न्हाई. कामून म्हणून विचारू नका. मास्तर असता तर त्यालाबी मी असंच सांगितलं असतं आणि त्यानं मला तासभर विज्ञान शिकवलं असतं. त्याचं ते विज्ञान ऐकायची आता लई इच्छा होते. असो.

राघोबा

ताजा कलम : अक्का, मी चंद्रभागा. एक विचारायचं होतं. आमच्या कोठ्यात वैरणीमागं एक जळकं भगुणं हाय. वणव्याच्या दिवशी हे टेकडीवरून घेऊन आले. आत चहाची पावडर तशीच वाळलेली. घासून ठेवू का म्हटलं तर अंगावर येतात. तुमच्याकडच्या कुणाचं हाय का? असलं तर पाठवते. चांगलं जाड भगुणं हाय.


राजेश्वर
२४ नोव्हेंबर

राघोबाअण्णा,

भगुणं बसनं पाठवा. कंडक्टरला माझं नाव सांगा. घासू नका.

तुमच्या पत्रांत जे नव्हतं ते चंद्रभागाबाईंच्या चार ओळींत आलं. चिंचेजवळचे दगड गुरांनी हलवले नव्हते. कुणीतरी फाकवून वर भगुणं ठेवलं होतं. आपल्याकडे रानात तीन दगड एकत्र दिसले की ती चूल असते. लहान लेकरालाही कळतं. तुम्हाला कळत होतं, म्हणून तुम्ही "तीन बरं दिसत नाही" म्हणालात. मला कळायला हवं होतं. मी त्या खुणांवरून अनेकदा गेले आहे.

सरांना कळलं नाही, कारण सरांनी लग्नानंतर कधी चूल पेटवली नाही, आणि लग्नाआधीही पेटवली नसावी. ते घरातली सगळी कामं वाटून घ्यायचे. भाजी निवडायचे, धुणं वाळत घालायचे. चुलीचं तेवढं राहिलं.

आता मला गुड्डवाडीत जाऊन सांगावं लागेल. मी तसं बोलले आहे. वाट मिळणार नाही असं दिसतं.

तुम्ही मला विडी सांगितली. मला सांभाळण्यासाठी सांगितली असणार. सर गेल्यापासून सगळे मला सांभाळतात. त्यामुळे मला काहीच माहीत नसतं.

पंचशीला


मादन हिप्परगा
२२ डिसेंबर

अक्का,

भगुणं पाठवायला महिना लावला, कारण मला ते पाठवायचं नव्हतं. आज पाठवतोय. या पत्राच्या आधी पोचलं तर उघडू नका, आधी हे वाचा.

मी लपवलं, व्हय. आग विझल्यावर चिंचेखाली ते भगुणं तीन दगडांवर बसलेलं दिसलं. मास्तरला जाऊन दोन महिनेबी झाले नव्हते. उद्या लोक म्हणतील मास्तरच्या चुलीनं टेकडी जाळली. मी ते काखेत मारलं आणि घरी आलो. तापलेल्या भगुण्यानं अंगरखा जळला, चंद्रभागेला वाटलं आग विझवताना जळला.

आता ऐका. परवा येळवस झाली. तुम्हाला ठाऊकच हाय, आमच्याकडं त्या अमावास्येला रानात कडब्याची कोप करतात, पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात आणि आंबील-भज्जी घेऊन सगळा गाव रानात जेवतो. मी माझ्या रानात पूजा करून टेकडीवर चक्कर मारायला गेलो. बघतो तर वाटेवरच्या माझ्या पाच-पाच दगडांपुढं आंबील सांडलेली, ज्वारीची कणसं ठेवलेली! वाडीच्या बाया येळवशीची "ओलगे ओलगे" हाळी देत एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर चाललेल्या. मी म्हटलं, "अगं, हे काय करायल्यात?" तर एक म्हणते, "अण्णा, पांडव टेकडी चढायलेत यंदा. लई दिवसांनी आले."

तेवढ्यात वनखात्याचा गार्ड आला. पाहणीच्या आधीची पाहणी. बायांनी त्याला पानभर भज्जी-भाकरी वाढली. मी म्हटलं, "साहेब, या खुणा हलवाव्या लागतील का?" त्यानं दगडांकडं बघितलं, बूट काढले आणि मग जेवायला बसला. अक्का, बूट काढलेला सरकारी माणूस दगड हलवत न्हाई.

काम झालं. आता कुणाला काही सांगायची गरज न्हाई. पांडवांना हरकत घेईल असा माणूस वाडीत न्हाई, भीमण्णाला पण शेजाऱ्यापाजाऱ्यात राहायचंय. मास्तर जन्मात दगडापुढं वाकला न्हाई आणि त्याच्या वाटेवर आता आंबील सांडायलेत, यावर तो काय म्हणाला असता ते मला ठाऊक हाय. त्याचं भाषण मी आजकाल स्वतःच स्वतःला देतो. पण वाट राहील. तुम्हाला वाटच पाहिजे होती ना?

भगुणं माळ्यावर टाकून द्या.

राघोबा

ताजा कलम : मी चंद्रभागा. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. असतं तर मी भगुण्याचं लिहिलं नसतं. आता लिहिलं ते बरं केलं की वाईट, ते तुम्हीच सांगा.


राजेश्वर
१९ जानेवारी २०२६

राघोबाअण्णा,

भगुणं पोचलं. मग तुमचं पत्र पोचलं. दोन्ही घेऊन गुड्डवाडीला गेले, गुरुबसव सर आणि राजपाल सोबत होते. पत्र दाखवलं नाही.

पांडवांच्या नावावर वाट मागायला माझी तयारी नव्हती. सर असते तर नको म्हणाले असते, हे एक. दुसरं असं की सांगेन म्हणून मी बोलले होते.

भगुणं पिशवीतून काढून पारावर ठेवलं आणि सांगितलं. आग विडीनं लागली नाही. आमच्या खुणेच्या दगडांना कुणी चूल समजलं. तशी खूण ठेवणं ही आमची चूक. कुणी चहा केला त्यात त्याची चूक नाही. कडबा गेला त्याबद्दल माफ करा. एवढंच पाठ केलं होतं, तेवढं बोलून मी थांबले.

भीमण्णा भगुण्याकडे बघत होता. मग मल्लम्मा उठली, पुढे आली, भगुणं उलटं करून तिनं बुडाकडे बघितलं आणि म्हणाली, "माझंच."

भीमण्णा म्हणाला, "अव्वा, गप बस."

"गप कामून बसू? माझ्या माहेरचं भगुणं. वर्ष व्हायला आलं, शोधायलेय. तू म्हणालास जळून गेलं."

"अव्वा!"

"काय अव्वा? हिनं आणून दिलं. तू काय आणून दिलंस?"

मग ती माझ्याकडे वळली. गवत कापायला गेलो होतो, म्हणाली, बायांना चहाची तलफ आली. चिंचेखाली तीन दगड दिसले, वर छान चुना लावलेला. "मला वाटलं सरकारनं चुली घालून दिल्यात. म्हटलं, बरं झालं, कधी नव्हे तो बायांचा विचार केला." दगड जरा फाकवले आणि भगुणं बसलं. चहा उकळला आणि वारं सुटलं.

ती चुन्याच्या दगडांना सरकारी चूल समजली. वाडीनं ते भीमण्णाच्या आईसाठी झाकलं. तुम्ही भगुणं सरांसाठी झाकलं. सगळ्यांनी मिळून विडीवर ढकललं. वाडीत विडी पिणारं कुणीच नाही असं मग समजलं. सगळे तंबाखू खातात.

कुणी हसलं नाही. मीही नाही. गुरुबसव सर पाणी प्यायला म्हणून उठून गेले.

भीमण्णा शेवटी म्हणाला, "वाट राहू द्या. चूल नको."

मग खूण किती दगडांची ठेवायची यावर बोलणं झालं. एक ठेवावा असं गुरुबसव सर म्हणाले. मल्लम्मा म्हणाली, एकटा दगड म्हणजे म्हसोबा, आठवड्यात शेंदूर लागेल. राजपाल चार म्हणाला, तर बायांनी तोंडाला पदर लावले. चार म्हणजे खांदेकरी. पाचाचं काय होतं ते तुम्ही करून बघितलंच आहे. मी विचारलं, दोन म्हणजे काय? सगळ्यांनी विचार केला. दोनाला कुणीच काही नाव सांगू शकलं नाही. म्हणून दोन ठरले.

तुमचे पाच आहेत तिथे राहू द्या. ते आता वाडीचे आहेत. बाजूला दोन मांडा. भीमण्णा म्हणाला, पांडवांना वाटेवर राहायची सवय आहे.

आमच्या बाजूला नवीन दगड आणले नाहीत. सरांच्या तीनांतला एक काढायचा आणि दोन ठेवायचे, असं केलं. प्रियंका सुट्टी घेऊन आली होती. पहिल्या खुणेपाशी कोणता काढायचा ते मला ठरवता येईना. ती म्हणाली, आई, कुठलाही काढ. मी एक उपसला. तो खोल पुरलेला निघाला. सर एकच दगड खोल पुरायचे आणि बाकीचे दोन त्याला टेकवून ठेवायचे, हे आम्हाला माहीत नव्हतं. बाकीचे दोन्ही कलंडले.

दोघींनी मिळून त्यांच्यासाठी खड्डे केले. प्रियंकानं दगड धरले, मी माती दाबली. हलवून बघितले, तर हलत नव्हते. पुढच्या खुणेपाशी आम्ही आधी खड्डे केले, मग दगड काढला. तसं केलं की कलंडत नाहीत.

काढलेले दगड उतारावर वाटेला आडवे पुरले. तिथे दगड हवेच होते. आता पाणी माती नेणार नाही, आणि चढताना त्यांच्यावर पाय देता येतो. मी देऊन बघितला. नागेशचे दगड आहेत. भार घेतात.

साहेब शुक्रवारी येऊन गेले. टेकडी पूर्ण चालले, बूट घालूनच. टप्पा एक फेब्रुवारीपासून उघडा आहे. तुम्ही हिप्परग्याकडून निघा, मी इकडून निघते. चिंचेजवळ भेटू. मल्लम्मा चहा आणणार आहे, घरून करून.

फोन आता उचलते. तरी तुम्ही पत्रच लिहीत जा. फोनवर चंद्रभागाबाईंना शेवटी लिहायला जागा मिळत नाही. त्यांना सांगा, बरं केलं.

पंचशीला